दुरून शिकवणाऱ्यांची भेट

‘घरी बसून शिका’ असे जगाला सांगणारे शिक्षक स्वतः मात्र एकमेकांना भेटायला समुद्र ओलांडतात, याचे मला पूर्वी हसू येई. टपालाने शिकवणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९३८ साली कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात भरली. १९८२ साली व्हँकूव्हरला त्या संघटनेच्या नावातला ‘पत्रव्यवहार’ जाऊन ‘दूरशिक्षण’ आले. २०१० साली राष्ट्रकुलातली अशीच मंडळी आपल्या कोचीला जमली होती.

आता हसू येत नाही. वर्गातल्या मास्तरांना पोरांच्या चेहऱ्यावरून कळते, गाडी कुठे अडली ते. दुरून शिकवणाऱ्याला कोण सांगणार? सांगितले तर त्याच वाटेने जाणारा दुसरा शिक्षकच.

पण शोधनिबंध वाचायला जातात ती बहुधा वरच्या खुर्च्यांवरची माणसे. गृहपाठांचे गठ्ठे तपासणारा घरीच राहतो.

बँकेत असताना बढतीच्या परीक्षेसाठी मी टपालाने धडे मागवले होते. बहुतेक गृहपाठ ‘ठीक’ एवढाच शेरा घेऊन परत येत. एकावर मात्र समासात लिहिले होते, ‘चेकवर नॉट निगोशिएबल लिहिले म्हणून तो दुसऱ्याला देता येत नाही असे नव्हे. पुन्हा वाचा.’ वाचले. पुढे काउंटरवर तेच कामी आले. तो तपासनीस मी कधीच पाहिला नाही.

म्हणून म्हणतो, परिषदेतली एक सकाळ राखून ठेवा. नावे झाकून तपासलेले गृहपाठ टेबलावर मांडा आणि एकमेकांचे शेरे वाचा. प्रवासखर्च तपासनीसाला द्या. ते बिल मी डोळे मिटून पास केले असते, आणि बँकेत असे मी फारसे केलेले नाही.