दाढ काढावयास जाण्यापूर्वीं

गेल्या पौषांत आमच्या आत्याबाईंची खालची किडकी दाढ काढावयाची होती. तिवशाहून अमरावतीस जावयाचें म्हणजे घरांत जणूं काशीयात्रेची तयारी! एस. टी. कोणती, सोबतीस कोण, शिदोरींत काय, या सर्वांचा खल झाला. त्या औषध कोणतें घेतात हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. दंतवैद्यांनीं विचारलें तेव्हां त्या "कांहीं नाहीं" म्हणाल्या. हृदयविकारासाठीं तीन वर्षें चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी त्यांच्या लेखीं औषधच नव्हती. ती जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी झाली होती. पिशवींतील डबी सुनेच्या दृष्टीस पडली म्हणून बरें. दंतवैद्यांनीं त्या दिवशीं दाढेस हात लावला नाहीं. रक्त तपासून व हृदयरोगाच्या डॉक्टरांशीं बोलून पुढील आठवड्याचा दिवस दिला.

घरीं परततांच शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "चार दिवस गोळी बंद ठेवा, झालें." हा सल्ला फार घातक होय. हिरडीचें रक्त दाबून, टाके घालून थांबवितां येतें. गोळी तुटल्यामुळें मेंदूंत गुठळी अडकली तर तेथें बोळा कोण दाबणार? गोळी ठेवणें वा थांबविणें हें डॉक्टरांनींच ठरवावें. मधुमेह, हृदयाची कृत्रिम झडप, हाडांच्या ठिसूळपणावरील औषधें, पूर्वीं एखाद्या औषधानें उठलेलें पित्त, हें सर्व कागदावर लिहून न्यावें.

आणखी एक गोष्ट आम्हांस स्पष्टच लिहिली पाहिजे. सासूबाई खुर्चीशेजारीं उभ्या असतां सून दिवस गेल्याचें बोलणार कशी? आणि वडील बसले असतां मुलगा खर्ऱ्याची कबुली देईल काय? क्ष-किरणांचें चित्र व औषधें यांचा विचार पहिल्या गोष्टीवर अवलंबून, तर जखम भरणें दुसरीवर. म्हणून पांच मिनिटें रोग्यास डॉक्टरांपाशीं एकटें सोडावें. यांत वडीलधाऱ्यांचा अवमान नाहीं.

उपासाविषयीं घरोघरीं घोटाळा दिसतो. नुसती हिरडी बधिर करावयाची असेल तर बहुधा हलकें जेवून जावें. उपाशी माणसास खुर्चीवरच घेरी येते. पूर्ण भूल द्यावयाची असेल तर मात्र पोट रिकामें हवें. सामान्यतः अन्न सहा तास व साधें पाणी दोन तास आधीं बंद. आपल्याकरितां यांतील कोणतें, हें आदल्या दिवशींच विचारून घ्यावें. १८४४ सालीं अमेरिकेंत होरेस वेल्स या दंतवैद्यानें हास्यवायु हुंगून स्वतःचीच दाढ काढविली, त्यापूर्वीं हा प्रश्नच नव्हता. रोग्यास चौघांनीं धरावें लागे!

परतल्यावरची तयारीही आधींच हवी. दाढेच्या खळग्यांत रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचें झांकण. पहिले चोवीस तास चूळ खळखळूं नये, जोरानें थुंकूं नये; तंबाखू तर नाहींच. मऊ भात, गार ताक असावें. भाकरी चार दिवस दूर.

आत्याबाईंची दाढ पुढल्या बुधवारीं निघाली. दोन टाके पडले. घरीं येतांच त्यांनीं चहा मागितला. तो पार निववून दिला, म्हणून सुनेवर त्या अद्याप रुसलेल्या आहेत.