नागरिकत्व मिळाले, वंशाचे काय? बेने इस्राएल समाजाचा अनुभव

पूर्वजांच्या भूमीत परतलेल्या माणसाला पारपत्र मिळाले की प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल समाजाचा अनुभव वेगळा आहे.

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी या मराठीभाषक ज्यूंची परंपरा सांगते. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर ही आडनावेही गावांवरून आली.

इस्रायलने १९५० मध्ये 'परतीचा कायदा' संमत करून जगभरातील ज्यूंना नागरिकत्वाचे दार उघडले आणि हा समाजही मोठ्या संख्येने तेथे गेला. मात्र तेथे ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने असा निर्देश दिला की, बेने इस्राएल व्यक्तीचा विवाह नोंदविण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शतकानुशतके दूर राहिलेल्या या समाजात घटस्फोटाचे धार्मिक नियम पाळले गेले नसावेत, ही धर्मपीठाची शंका होती. शासनाने ज्यू म्हणूनच नागरिकत्व दिलेल्या माणसाला विवाहासाठी आजी-पणजीचा पुरावा द्यावा लागावा, ही विसंगती उघड होती. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन झाले. ऑगस्टमध्ये संसदेने या समाजाला सर्व बाबतींत समान ज्यू मानले आणि त्यानंतर धर्मपीठाने निर्देशातील समाजाचा नामोल्लेख वगळला.

मूळ तिढा मात्र सुटला नाही. १९७० च्या दुरुस्तीने परतीचा हक्क ज्यूंच्या मुला-नातवंडांनाही मिळाला. धर्मपीठ मात्र मातृकुळ किंवा धर्मांतर हीच कसोटी मानते. त्यामुळे नागरिक आहे, पण धर्मपीठाच्या लेखी ज्यू नाही, असा मोठा वर्ग तेथे निर्माण झाला. त्यात बहुसंख्य पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेले आहेत.

भारताच्या बाजूने हिशेब अधिक सरळ, काहीसा कोरडाही आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. २००५ पासून अशा व्यक्तींना व त्यांच्या वंशजांना 'ओसीआय' नोंदणी उपलब्ध आहे. म्हणजे इस्रायलमध्ये जन्मलेल्या पेणकरांच्या नातवाला आता भारताकडेही वंशाचाच पुरावा सादर करावा लागतो. या नोंदणीवर आजन्म व्हिसा मिळतो. मतदानाचा हक्क नाही, आणि रायगड जिल्ह्यात वडिलोपार्जित गावी शेतजमीन विकत घ्यावयाची झाल्यास सर्वसाधारण परवानगी नाही.