सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे शेतकरी नाही?

पीएम-किसानचे वर्षाला ६ हजार आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे ६ हजार, असे १२ हजार रुपये शेतकरी कुटुंबाच्या खात्यात थेट जमा होतात. योजना जात विचारत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. खरे आहे. ती जात विचारत नाही, सातबारा विचारतो. आणि रत्नागिरी जिल्ह्यात सातबारा विचारणे म्हणजे वेगळ्या शब्दांत इतिहास विचारणे.

हा खोतांचा जिल्हा. जमीन कसणारा एक आणि कागदावरचा दुसरा, ही इथली रीत होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी त्यासाठी विधिमंडळावर चालून गेले. खोती संपवणारा कायदा यायला १९४९ उजाडले. पुढे कूळकायद्याने कुळांना मालकी दिली. पण ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते त्यालाच. तोंडी बोलीवर कसणारा आणि मजुरी करणारा बाहेरच राहिला. आपल्या वाट्याला आले ते महारकीच्या वतनाचे तुकडे, तेही अख्ख्या भावकीच्या नावाने सामाईक.

आज आपल्या वाडीतली माणसे लावणी-कापणी करतात, आंब्याच्या बागा राखतात, दुसऱ्याची शेती अर्धलीने करतात. सरकारच्या लेखी ती शेतकरी नाहीत. जमीनमालक मुंबईत असला तरी चालतो. कसणाऱ्याने लेखी करार मागितला, तर ‘कूळ लागेल’ या भीतीने मालक देत नाही. त्यामुळे पीकविमा आणि नुकसानभरपाईही हुकते.

कोणी म्हणेल, भूमिहीनांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे ना? आहे. ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची. पण सरकारने ठरवलेल्या दरात कोकणात जमीन विकायला कोण तयार आहे? गंमत पुढेच आहे. पीएम-किसानने मालकीसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आणि वारसा सोडून नंतरचे बदल पाच वर्षे मानायचे नाहीत असे ठरवले. म्हणजे २०२० मध्ये सरकारनेच दिलेली जमीनसुद्धा सरकारलाच चालत नव्हती!

भूमिहीनांना मदत देणे अशक्य नाही. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत बटाईदार आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबे धरली होती. महाराष्ट्राला फुले-आंबेडकरांचे नाव घेताना हे का सुचत नाही?

तरुणांनो, हा प्रश्न फक्त १२ हजारांचा नाही. ‘शेतकरी’ कोणाला म्हणायचे, याचा आहे. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हा भेदच संपवणारी मांडणी १९४७ साली केली. आपण निदान पहिले पाऊल टाकू. प्रत्येक वाडीचे सातबारे आणि जुने फेरफार काढा. मयतांची नावे तशीच असतील तर वारसनोंदी करून घ्या. सामाईक वतन जमिनींचे हिस्से मोजून घ्या. आणि कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबांची यादी करून ग्रामसभेत ठराव मांडा: निधी कसणाऱ्यालाही मिळाला पाहिजे.

१९३८ ला आपले आजे-पणजे पायात वहाणा नसताना मागणी घेऊन गेले. आपल्याला तहसीलपर्यंत तरी जायचे आहे.

जय भीम!