दुखणं अंगावर काढायचं ते कुठवर?

आरोग्याच्या बातम्या आपण वाचतो त्या बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. नवी योजना आली, नाहीतर नवा दवाखाना उघडला. मुंबई महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत तपासणी आणि औषधं देणारे 'आपला दवाखाना' सुरू केले. २०२३ मध्ये राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचं आणि ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचं ठरवलं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण त्या दारापर्यंत बाई पोचते कधी, हे कुठल्या बातमीत नसतं.

मी चारकोपला राहते. कांदिवली पश्चिमेची ही वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने १९८०च्या दशकात आखली. छोटे भूखंड, भिंतीला भिंत लागलेली घरं. इथे डॉक्टरांची वाण नाही, मेडिकलची दुकानं पावलोपावली आहेत आणि महापालिकेचं शताब्दी रुग्णालय कांदिवलीतच आहे. तरीही बायका उशिराच जातात. म्हणजे दवाखाना लांब असणं हे एकच कारण नव्हे.

आमच्याकडचा क्रम ठरलेला. आधी ओवा-हळद. मग शेजारणीचा सल्ला, ''वहिनी, मला ना त्या गोळीने बरं वाटलं होतं.'' मग मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या. त्यानंतर गल्लीतल्या डॉक्टरांचं इंजेक्शन. मोठं रुग्णालय सगळ्यांत शेवटी, म्हणजे अंथरुणच धरलं तर. हाच क्रम मुलाच्या तापाला लागू होत नाही हं! त्याला संध्याकाळच्या आत डॉक्टरकडे नेलं जातं. नवऱ्याचं, सासूबाईंचंही बघितलं जातं. आपला नंबर लागतो तो हात-पाय चालेनासे झाल्यावर.

हे अडाणीपणामुळे होतं असं म्हणणं सोपं आहे. पण जरा हिशेब मांडून बघा. मोफत दवाखान्यातही केस पेपरची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग. घरकामाला जाणाऱ्या बाईचा त्यात एक खाडा होतो. रिपोर्ट आणायला दुसरा. 'मोफत' उपचाराची किंमत ती दिवसाच्या मजुरीत मोजते. शिवाय फुले योजना आहे ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी. पहिली तपासणी, पहिली सोनोग्राफी करायची की नाही, हे घरातल्या चर्चेतच ठरतं, आणि तिथेच आजार वाढतो.

दुसरं कारण लाज. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! अंगावरून जाणं, कंबरदुखी हे बाईच्या जातीला असायचंच, असं त्या धरून चालल्या होत्या. गडचिरोली लांब वाटेल, पण हेच वाक्य चारकोपच्या नळावर मी अजून ऐकते.

मग बाई येतच नाही का? येते की! टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. दर दोन वर्षांनी, व्हिनेगरसारख्या साध्या द्रावणाने, आणि तीही प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून. बहुसंख्य बायका तपासणीला आल्या. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या आजाराने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तपासणी वस्तीत आली, तपासणारी बाईच होती, समजावून सांगणारं कुणी होतं. यापेक्षा वेगळी जादू त्यात नव्हती.

म्हणूनच दवाखाना उघडला एवढ्याने भागत नाही. तो कामावरून परतणाऱ्या बाईला उघडा मिळतो का, तिथे स्त्री डॉक्टर बसते का, हे विचारायला हवं. तुमच्या तालुक्याच्या गावातही ग्रामीण रुग्णालय असेल, आशाताई असतील. महिला मंडळाने, बचत गटाने हा प्रश्न जरूर मांडावा.

आणि तोवर? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधांनंतर रक्तस्राव झाला, स्तनात गाठ लागली, जिना चढताना दम लागू लागला, तर ओवा-हळदीवर थांबू नका. एकटीला संकोच वाटत असेल तर शेजारणीला सोबत घ्या. पुढच्या वेळी तुम्ही तिच्यासोबत जा. भिशीसाठी आपण महिन्यातून एक दुपार काढतोच ना? वर्षातून एक दुपार स्वतःच्या तपासणीसाठी काढली, तर घर काही अडून राहत नाही.