अर्काचे यंत्र घेण्यापूर्वी

अलीकडे आपल्या नगर तालुक्याच्या खेड्यांतून एक नवे वेड पसरू लागले आहे. कोणी टापटिपीचे गृहस्थ मोटारीतून येतात, ‘हेंप’ नावाच्या पिकाचे व त्यापासून अर्क काढण्याच्या यंत्राचे गुणगान गातात, एकरी लाखांचे आकडे कागदावर मांडतात आणि यंत्राची निम्मी किंमत आगाऊ मागतात. गेल्या महिन्यात नागापुरातील एक होतकरू तरुण शेतकरी आमच्या ओसरीवर येऊन बसला. विहिरीलगतचा दोन एकरांचा तुकडा गहाण टाकून यंत्र घ्यावयाचे त्याने ठरविले होते. आम्हांस त्याने एवढेच विचारले, “काका, अर्कासाठी द्रावक कोणता चांगला? स्पिरिट, हेक्झेन, की कार्बन डायॉक्साइड?” प्रश्न वाजवी आहे, परंतु तो तिसरा प्रश्न आहे. पहिले दोन त्यास कोणी विचारूच दिले नव्हते.

पहिला प्रश्न असा की, कोणते झाड व झाडाचा कोणता भाग? हेंप या एका परकी नावाखाली आपल्याकडील तीन निरनिराळी पिके येतात. ताग आणि अंबाडी ही वाखाची निरुपद्रवी पिके. त्यांस कोणताही निर्बंध नाही. तिसरी ती भांग. तिच्या देठाचा वाख निघतो, बियांत वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा तेल असते, आणि मादी झाडाच्या फुलोऱ्यावर राळेसारखा चिकट रस धरतो. मादक द्रव्य असते ते या राळेत. बीच्या गरात ते तयार होत नाही. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून तिला द्रावक लागतो. बीचे तेल मात्र नुसत्या दाबाने निघते. म्हणजे द्रावकाची निवड करावयाची वेळ फुलोऱ्याला हात घालणारासच येते.

दुसरा प्रश्न परवानगीचा. या पिकाशी आपल्या जिल्ह्याचा संबंध नवा नाही. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या कमिशनने हिंदुस्थानभर भांग-गांजाची चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीत नगर जिल्ह्याचे नाव ठळक होते. सरसकट बंदी नको, परवाना, कर व देखरेख असावी, असे त्या कमिशनचे मत पडले. बंगालात नौगाव येथे तर १९१७ साली गांजा पिकविणाऱ्यांची सहकारी सोसायटीच निघाली. पण आजोबांच्या काळी पिकत होते म्हणून आज पिकविता येईल, असे समजणे घातक आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने चित्र पालटले. त्याच्या कलम १० खाली परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे, व कलम १४ खाली वाख किंवा बी यांसाठी लागवडीस मोकळीक देता येते. अशी लेखी परवानगी हाती नसता झाड लाविले तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड.

आता द्रावकाचा दोष पाहा. त्याच कायद्यात झाडापासून वेगळी केलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध, आणि तिचे घट्ट तेल, या सर्वांस ‘चरस’ म्हटले आहे. गांजाची ‘व्यापारी मात्रा’ वीस किलो, तर चरसाची अवघी एक किलो. आणि तेथे किमान दहा वर्षांची शिक्षा. यंत्र विकणारा हे सांगत नाही. आमची हयात महसुली दप्तरांत गेली, म्हणून आणखी एक कलम सांगतो. आपल्या जमिनीत असे बेकायदा पीक दिसता त्याची वर्दी देणे हे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, व कलम ४७ प्रमाणे सरपंच आणि गावकामगार यांचेही. शेत खंडाने दिले आहे, मला ठाऊक नाही, ही सबब जाणूनबुजून डोळेझाक करणारास तारणार नाही.

इतके झाल्यावर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. स्पिरिट आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून निघते, म्हणून ते जवळचे वाटते. परंतु १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे ते परवान्यावाचून बाळगता येत नाही, आणि ते राळेबरोबर पानाचा हिरवा रंगही ओढते. हेक्झेन पेंडीतील उरलेले तेल काढण्यास मोठ्या गिरण्यांत वापरतात. ते ६९ अंशांवर उकळते, त्याची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचते, आणि विजेच्या बटणाची ठिणगीही तिला पुरते. ब्युटेन हा तर स्वयंपाकाच्या गॅसमधील एक घटक. अमेरिकेत घरगुती अर्क काढणारांची घरे त्याने उडाली आहेत. कार्बन डायॉक्साइड पेट घेत नाही व मालात उरतही नाही. मसाल्यांचे उत्तम अर्क त्याने निघतात. पण त्यास ३१ अंशांवर उष्णता व हवेच्या ७३ पटींहून अधिक दाब लागतो. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट. असा दाब सोसणारी जाड पोलादी भांडी, शिकलेला माणूस व प्रयोगशाळा एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हेत. सारांश, जो द्रावक स्वस्त तो जिवावरचा, आणि जो निर्धोक तो न परवडणारा.

मग शेतकऱ्याने घ्यावे तरी काय? आमचे उत्तर, घाणा. भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांस २०२१ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्य म्हणून मान्यता दिली आहे. हे तेल लवकर खवट होते, म्हणून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे लागते, एवढेच त्याचे पथ्य. पण घाण्याचा खरा गुण निराळा आहे. भांगेची परवानगी आली नाही तरी त्यावर करडई, जवस, तीळ, सूर्यफूल निघते. यंत्र असे घ्यावे की, एक पीक हुकले तरी ते रिकामे बसणार नाही.

कोणी म्हणेल, उत्तराखंडाने २०१८ साली परवाने सुरू केले, मग आपणच मागे का? आमचेही म्हणणे तेच आहे. पण मागणी एकट्याने आगाऊ पैसे भरून होत नसते. आपल्या सोसायटीने ठराव करून सरकारकडे स्पष्ट नियम मागावे: मादक अंश ०.३ टक्क्यांच्या आतले प्रमाणित बियाणे, तपासणीची प्रयोगशाळा, आणि तपासात अंश जास्त भरून उभे पीक नष्ट करावे लागल्यास तोटा कोणी सोसावयाचा याचा निर्णय.

तोवर तीन कागद पाहिल्याखेरीज कोणास एक पैही देऊ नये: आपल्या नावचा लागवडीचा परवाना, माल घेणाराचा लेखी करार, व यंत्र चालविण्याची सुरक्षा खात्याची मंजुरी. त्या तरुणाने हे तिन्ही कागद विक्रेत्याकडे मागितले. तो गृहस्थ पुन्हा फिरकला नाही, आणि विहिरीलगतचा तुकडा अद्याप निर्वेध आहे.