गणवेशातील श्रमिकाचे गाऱ्हाणे

१९ मे २०२० च्या रात्री कोलकात्याच्या पोलीस प्रशिक्षण शाळेत जे घडले, त्याला बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शहराच्या पोलीस दलातील कॉम्बॅट बटालियन या सशस्त्र तुकडीचे जवान संतप्त होऊन रस्त्यावर उतरले; त्यांच्या उपायुक्तांनाच धक्काबुक्की झाली. सहकाऱ्याला करोनाची लागण झाली असतानाही बराकीत दक्षता घेतली जात नाही, पुरेशा संरक्षक साधनांवाचून आम्हांस बंदोबस्तावर धाडले जाते, ही त्यांची तक्रार होती. दुसऱ्याच दिवशी, अम्फान चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर येऊन ठेपले असताना, मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांना तेथे जाऊन जवानांचे म्हणणे ऐकावे लागले. मुख्यमंत्र्यांनी ऐकण्याजोगे असलेले हे गाऱ्हाणे हातघाईपूर्वी एकाही अधिकाऱ्याने का ऐकू नये?

याचे उत्तर केवळ एका अधिकाऱ्याच्या स्वभावात सापडणार नाही. १८६१ च्या ब्रिटिश कायद्याच्या मुशीतून घडलेल्या आपल्या पोलीस व्यवस्थेत हुकूम वरून खाली येतो; खालची व्यथा वर जाण्यास मात्र वाट नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्यान्वये परवानगीवाचून पोलिसाला कामगार संघटनेचे सभासदही होता येत नाही. मग प्रत्येक शिपाई एकटा पडतो, आणि एकट्याचा अर्ज ही वरिष्ठांच्या लेखी उद्धटपणाची खूण ठरते.

महाराष्ट्राने याचे फळ पूर्वीच पाहिले आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरणी कामगारांचा संप चालू असतानाच, सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. १८ ऑगस्टला मुंबईत शिपायांचा उद्रेक झाला आणि सरकारला लष्कर पाचारण करावे लागले. संघटना मोडल्याने शिस्त आली नाही. बोलणी करण्यास जबाबदार प्रतिनिधी तेवढे उरले नाहीत.

काही कॉम्रेड म्हणतील, याच पोलिसांच्या लाठ्या आपण खाल्ल्या आहेत. त्यांची कणव कशाला? लाठ्यांचा विसर पडू नये, हे खरेच. परंतु ती लाठी धरणारा हात बहुधा शेतकऱ्याच्या वा कामगाराच्या घरातूनच आलेला असतो. ज्याला स्वतःच्या हक्काचा शब्द उच्चारता येत नाही, त्याने इतरांच्या हक्कांची बूज राखावी, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?

म्हणून ठरावीक कामाचे तास, साप्ताहिक सुटी, सुरक्षित बराकी आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत गाऱ्हाणी मांडण्याचा हक्क, या मागण्या लोकशाही चळवळीने आपल्या मानल्या पाहिजेत.