दुसरा व चौथा शनिवार

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी पूर्ण सुट्टी असते. आमच्या काळी शनिवारी अर्धा दिवस काम असे. बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाची ही सकाळ सहा वर्षांच्या लेकीची असते: सांगलीच्या आमराईत फेरफटका, येताना भाजीखरेदी, सुट्या पैशांचा हिशेब तिच्याकडे. दुपारी एक तास मात्र तो एकटाच वाचत बसतो. नात दाराशी येऊन "बाबांचा तास संपला का?" एवढेच विचारते. रविवारी तोच तास सूनबाईंचा. काहींना यात स्वार्थ दिसेल. परंतु स्वतःसाठी थोडाही वेळ न राखणारा बाप मुलीजवळ बसूनही मोबाइलमध्येच हरवलेला असतो. तरुण वाचकहो, लेकीचा वेळ आधी बाजूला काढावा, मग स्वतःचा. घरी आणलेल्या कार्यालयीन कामास उरलासुरला पुरे.